रश्श्यात पाणी वाढवता येतं, बिर्याणीत नाही

रमजान ईदला आठ-दहा दिवस राहिले की आपल्याकडे एक प्रश्न सुरू होतो. साताऱ्यात असो, कराडात असो की सांगली-मिरजेत. कचेरीतले सहकारी विचारतात, शेजारी विचारतात, दूध घालणारा विचारतो, 'काय मग भाई, यंदा बिर्याणी कधी?' विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा प्रेमच असतं. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. ती आपण देत असलेल्या उत्तराबद्दल आहे. आपण हसतो, 'या की, घर तुमचंच आहे' म्हणतो आणि रात्री मटणाचा हिशोब मांडायला बसतो. त्याने विचारलं म्हणून, मागच्या वर्षी केली होती म्हणून, मेव्हण्याच्या घरी दोन देगा उतरतात म्हणून. ईद आणि बिर्याणी यांची गाठ इतकी घट्ट बसली आहे की तिच्याशिवाय दावत द्यायची म्हटलं तर घरातलीच माणसं तोंडाकडे बघतात. 'क्या भाई, ईद को दालचा?'

होय, ईदला दालचा. किंवा खिचडा. किंवा अख्खा मसूर आणि भाकरी. ईदच्या दस्तरखानाच्या मध्यभागी मटण बिर्याणीच असली पाहिजे, ही दीनची अट नाही आणि आपल्या मुलखाची जुनी रीतही नाही. ती अलीकडची सवय आहे. या सवयीने गरीब यजमानाला कर्जात घातलं, मांस न खाणाऱ्या पाहुण्याला कोपऱ्यात बसवलं आणि आपल्या आजी-नानीच्या हातचे पदार्थ 'साधे' ठरवून मागे सारले. या तीन कारणांसाठी तिला मधल्या जागेवरून उठवायला हवं.

सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी काढतो, नाहीतर अर्धी चर्चा तिथेच अडकेल. मी कुर्बानीबद्दल बोलत नाही. कुर्बानी ही इबादत आहे. ज्याची ऐपत आहे त्याने ती करावी, तिचे वाटे करावेत, गरिबाच्या घरी पोचवावेत. बकरी ईदला 'आर्थिक कुर्बानी' द्या, रक्तदान करा, असं आवाहन मुस्लिम सत्यशोधक मंडळ आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते करत आले आहेत. तो वेगळा वाद आहे आणि त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहून झालं आहे. माझा विषय त्याहून लहान, पण रोजच्या जगण्याला जास्त चिकटलेला आहे. पाहुणा घरी आल्यावर त्याच्यापुढे आपण काय ठेवतो आणि ते कुणाला परवडतं?

मुलखाची रीत काय होती?

सातारा-सांगलीचा पूर्व भाग म्हणजे माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत. हा पावसाने कायम हुलकावणी दिलेला पट्टा. इथं पिकायची ज्वारी आणि बाजरी. भात हाच मुळात सणाचा पदार्थ होता. पश्चिमेकडे पाटण, जावळी, वाई भागात भात पिकतो, पण तो मऊ शिजणारा, आमटीबरोबर खायचा तांदूळ. बिर्याणीला लागणारा लांब दाण्याचा बासमती पंजाब-हरियाणाकडून येतो. म्हणजे ज्या पदार्थाला आपण 'आपली ओळख' म्हणतो, त्याचा मुख्य घटकच आपल्या शिवारात होत नाही.

मग सण कसा साजरा व्हायचा? कंदुरी आठवा. पीराला नवस बोललेला असतो. बोलणारा मुसलमान असतो तसा मराठाही असतो, धनगरही असतो. बकरं कापलं जातं, मलिदा होतो आणि मोठ्या हंड्यात रस्सा चढतो. सोबत भाकरी किंवा चपाती. गाव जेवतं. शंभर माणसं सांगितलेली असली आणि दीडशे आली तरी कुणाला परत पाठवायची वेळ येत नाही, कारण हंड्यात आणखी दोन घागरी पाणी आणि मूठभर मसाला पडतो. गावच्या जत्रेतही तेच. बकऱ्यावर सुरी फिरवायचं काम आणि त्याचा मान मुलाण्याचा. गावगाड्यात मुलाणी हा हक्काचा वाटेकरी. आज आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मुलाणी हे आडनाव गावोगाव सापडतं ते यामुळेच. गावाच्या सामूहिक जेवणात मुसलमानाची जागा होती, आणि त्या जेवणात बिर्याणी कुठेच नव्हती.

मोहरमचं बघा. कडेगावचे गगनचुंबी ताबूत बघायला लांबून माणसं येतात, ते उचलायला हिंदू-मुसलमान दोघांचे खांदे लागतात. त्या दिवसांत घराघरांत काय होतं? गुळाचे चोंगे, मलिदा, सरबत. आशुऱ्याला खिचडा. गहू, डाळी, मटण एकजीव होईपर्यंत घोटलेला. यातल्या कशालाही बाहेरून काही आणावं लागत नाही. खिचड्याला सगळ्यात चांगला गहू म्हणजे खपली, आणि तो कृष्णाकाठचाच. हळद सांगलीची. गूळ कराड-सांगली पट्ट्यातला. शिरखुर्म्यातला बेदाणा तासगावचा. आपल्या जुन्या सणाच्या स्वयंपाकात हा सगळा मुलूख उतरायचा.

लग्नाच्या जेवणातही आपल्याकडे दालचा-खाना होता. तूर किंवा चण्याची डाळ, त्यात दुध्याच्या फोडी, चिंचेचा आंबटपणा, मटणाची हाडं आणि थोडे तुकडे. सोबत मोकळा भात. आता निकाहाच्या पत्रिकेबरोबर पहिला प्रश्न येतो, बिर्याणी कुठल्या बावर्चीची? दालचा राहिला तो बिर्याणीच्या शेजारी, चमचाभर, तोंडी लावायला. जो घरधनी होता तो उंबऱ्यावर बसला.

हिशोब मांडून बघा

आता पैशाचं बोलू. मटण किलोला सात-आठशेच्या घरात गेलं त्याला काळ झाला. २०१९ च्या शेवटी शेजारच्या कोल्हापुरात मटणाच्या दरावरून आंदोलन झालं होतं. मटण हा ज्यांच्या अभिमानाचा विषय, त्यांनाही तो दर सोसेना.

तीस माणसांना नीट मटण बिर्याणी वाढायची तर सहा-सात किलो मटण लागतं. त्यातही पाहुण्याच्या ताटात दोन चांगले तुकडे दिसले पाहिजेत, नाहीतर चर्चा होते. म्हणजे नुसत्या मटणाचे पाच हजार. त्यावर बासमती, तूप, दही, कांदा, केशर नाहीतर रंग, आणि आचारी बोलावला तर त्याची मजुरी. शेतात जाणाऱ्या बाईची दोन आठवड्यांची मजुरी एका दुपारच्या मटणात जाते. त्याच तीस माणसांना दालचा करायचा तर दोन किलो मटण पुरतं, कारण तिथं पोट डाळ आणि दुध्या भरतात, मटण चव देतं. खिचड्यालाही तेवढंच, फार तर तीन किलो. हा कुठल्या अहवालातला आकडा नाही. घरात स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती बोटांवर मोजून सांगेल.

या हिशोबाला मागच्या दहा वर्षांचा एक संदर्भ आहे. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. १९७६ च्या कायद्यात गाय होती, आता बैल आणि वळूही आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातून आणलेलं मांस बाळगण्याबद्दलचं कलम रद्द केलं, कत्तलीवरची बंदी मात्र कायम ठेवली. म्हैस-रेडा या बंदीत नाही. पण कायद्यात नसणं आणि रस्त्यावर नसणं यात फरक आहे. गाडी अडवणारा आधी मारतो, मग जनावर कुठलं ते बघतो. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यभरातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी-विक्रीच बंद ठेवली ती या जाचाला कंटाळून.

परिणाम काय झाला? मोहल्ल्यातल्या गरिबाच्या चुलीवर जे स्वस्त मांस शिजायचं ते गेलं. उरलं बोकड आणि ब्रॉयलर. पण दावतीची कल्पना तीच राहिली. ज्याला बोकड झेपत नाही तो ब्रॉयलरची बिर्याणी करतो आणि वाढताना ओशाळतो. ज्याला तीही झेपत नाही तो बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या हप्त्यात ईद मिसळून टाकतो. काही घरं असंही करतात की ईदच्या दिवशी दार लोटून घेतात आणि 'गावाला गेलो होतो' म्हणून सांगतात. मला यातलं सगळ्यात जास्त हेच टोचतं. सण ज्याच्या घरी पाहुणा यावा म्हणून आहे, त्याने पाहुणा येऊ नये म्हणून दार लावून बसायचं. कशामुळे? एका पदार्थामुळे.

कायदा वाईट आहे असं मला वाटतं आणि ते मी म्हणत राहीन. पण कायदा बदलेपर्यंत आपल्याच माणसाला लाज वाटेल असा मान आपण का धरून बसायचं? सरकारने त्याच्या ताटातलं काढून घेतलं, आणि जे उरलं त्याला 'हे काय दावतीचं आहे का' म्हणून नाक आपण मुरडलं.

दीन काय सांगतो?

आपल्याकडे हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, 'पाहुण्याची खातिरदारी सुन्नत आहे.' बरोबर आहे. मग सुन्नत पूर्ण बघू.

पैगंबरांनी (स.) अब्दुर्रहमान बिन औफ यांना वलीमा करायला सांगितला, निदान एक बकरी तरी कापून. हजरत झैनब यांच्या वलीम्यात मांस-रोटी होती. हे खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. पण खैबरहून परतताना हजरत सफिया यांच्याशी निकाह झाला, तेव्हाच्या वलीम्यात मांस नव्हतं, रोटीही नव्हती. चामड्याची चादर अंथरली आणि त्यावर खजूर, सुकवलेलं दही आणि तूप ठेवलं. जे जवळ होतं ते. बुखारीत ही रिवायत आहे. त्या वलीम्याला कुणी कमी दर्जाचा वलीमा म्हणाल का?

बुखारीतलीच दुसरी रिवायत हजरत अनस यांची. एका शिंप्याने पैगंबरांना जेवायला बोलावलं. जवाची रोटी आणि दुध्या व सुकं मांस घातलेला रस्सा त्याने पुढे ठेवला. अनस सांगतात की पैगंबर भांड्यातून दुध्याच्या फोडी शोधून खात होते, आणि त्या दिवसापासून त्यांनाही दुध्या आवडू लागला. शिंपी म्हणजे हातावर पोट असलेला माणूस. त्याच्या घरची दावत, आणि पदार्थ आपल्या दालच्याचा सख्खा भाऊ. आपल्याकडे ईदला दुध्याचा दालचा केला तर जावई रुसतो!

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हजरत अबू जर यांना पैगंबरांनी सांगितलं त्याचा आशय असा, की रस्सा शिजवशील तेव्हा त्यात पाणी जास्त घाल आणि शेजाऱ्याला त्यातलं दे. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. यात स्वयंपाकाची रीत आहे तशी समाजाची रीतही आहे. पदार्थ असा निवड की तो वाढवता येईल. माणूस वाढला तर भांडं कमी पडू नये. रश्श्यात पाणी वाढवता येतं. दालच्यात वाढवता येतं, खिचड्यात येतं. बिर्याणीत पाणी वाढवता येत नाही. ती मोजून होते, मोजून वाढली जाते, आणि जो उशिरा येतो त्याच्या वाट्याला तळाचा भात येतो. म्हणून बिर्याणीची दावत ही निमंत्रितांची दावत होते. ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावलं जातं आणि गरिबांना वगळलं जातं, त्याचं जेवण सगळ्यात वाईट, हेही हदीसमध्येच आहे. आपण आपल्या याद्या एकदा त्या नजरेने वाचाव्यात.

रमजान ईदचं मूळ दानसुद्धा आठवा. नमाजआधी द्यायचा फित्रा कशावर मोजतात? गहू, जव, खजूर, मनुका. ईदच्या दिवशी कुणी उपाशी राहू नये म्हणून जे ठरवून दिलं ते धान्य आहे आणि सुका मेवा आहे. ईदचं माप पहिल्यापासून धान्याचं आहे.

कोपऱ्यातला पाहुणा

आता दुसऱ्या बाजूचा माणूस. ईदला आपल्या घरी येणारा हिंदू शेजारी. त्यातले बरेच मटण आवडीने खातात, सातारा-सांगलीला हे सांगायला नको. पण माळकरी खात नाही. जैन खात नाही, आणि सांगली-मिरजेकडे जैन शेजारी भरपूर. कुणाच्या घरी सोमवार असतो, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा झाला आणि ३१ ला ईद. आदल्या दिवशी आपण त्यांच्याकडे पुरणपोळी खाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घरी बोलावलं तर तो निघाला सोमवार! कितीतरी माणसं शिरखुर्मा पिऊन, 'पुन्हा येतो निवांत' म्हणून उठली.

अशा पाहुण्यांसाठी आपण काय करतो? एक लहान पातेलं 'व्हेज पुलाव'. बेचव, घाईत केलेला, कोपऱ्यातल्या टेबलावर झाकून ठेवलेला. मधे देग, भोवती माणसं, हशा. आणि एका कडेला दोन माळकरी गृहस्थ वाटाणे वेचत बसलेले. आपल्या मनात अपमान करायचा नसतो. पण मान ज्या पदार्थाला दिला तो त्यांना खाता येत नाही, आणि जो खाता येतो त्याला आपण मान दिलेला नाही. पाहुण्याला हे कळतं. तो बोलत नाही एवढंच.

याच्या उलट काय करता येतं? पेठ-सांगली रस्त्यावर ढाब्यांवर जो अख्खा मसूर मिळतो, तो खायला लोक वाकडी वाट करून येतात. आख्ख्या मसुराला कांदा-लसणाचा, गरम मसाल्याचा असा झणझणीत रंग चढतो की मटण खाणाराही दुसरी वाटी मागतो. कोरेगावचा वाघ्या घेवडा आहे, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तो रात्रभर भिजवून, आपल्या घरच्या मसाल्यात शिजवा आणि मग सांगा की तो दावतीचा नाही. दालच्याची डाळ-दुध्याची हंडी मटणाशिवाय वेगळी चढवता येते. यातला एक पदार्थ मधे ठेवा, सगळ्यांसाठी, मोठ्या भांड्यात. मटणाचं सुकं शेजारी असू द्या, ज्याला हवं तो घेईल. भांडी वेगळी, पळ्या वेगळ्या, हे सांगायला लागू नये इतकं काटेकोर. आणि माळकऱ्याच्या वाटणात कांदा-लसूण चालत नसेल तर आधी विचारून घ्या. मग माळकरी आणि मटणवाला एकाच पंगतीत, एकाच हंडीतलं खातील. कोपरा उरणार नाही.

हे आपल्याला नवीन नाही. ज्ञानोबांची पालखी लोणंद-फलटणवरून जाते. त्या वाटेवरच्या मुसलमानाला वारकऱ्यापुढे काय ठेवायचं ते कुणी शिकवलेलं नाही. २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. २०२३ मध्ये राज्यात ठिकठिकाणी मुसलमानांनी बैठका घेऊन ठरवलं की त्या दिवशी कुर्बानी करायची नाही, दुसऱ्या दिवशी करायची. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा आहेच. इबादतीच्या बाबतीत एवढा समंजसपणा दाखवणारा समाज दावतीच्या पदार्थावर मात्र अडून बसतो, हे मला पटत नाही.

इथं भाबडेपणा नको. २००९ मध्ये मिरजेत काय झालं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत मशिदीत घुसून काय झालं, ते आपण विसरलेलो नाही. ते मसुराच्या हंडीने थांबलं असतं असं मी म्हणणार नाही. दंगल करणारा कुणाच्या घरचं जेवून यायचा की नाही, हे विचारत नाही. पण दंगलीनंतर शेजारी शेजाऱ्याच्या दारात येतो की नाही, ते मात्र आधीच्या वीस वर्षांत तो तिथं कितीदा पोटभर जेवला यावर थोडंफार ठरतं.

'म्हणजे आता आम्ही मटणही सोडायचं?'

हा आक्षेप येणार आणि तो हलका नाही. कुणी म्हणेल, बाहेर लोक आमच्या ताटात डोकावतात, गाड्या अडवतात, आणि तुम्ही घरातूनच सांगताय की बिर्याणी नको. ही शरणागती झाली.

नाही. मी मटण सोडायला सांगत नाही. खिचड्यात मटण आहे, दालच्यात आहे, रश्श्यात आहे. माण-आटपाडीच्या शेळीपालकाचं बोकड बकरी ईदला घेतलंच पाहिजे, त्याचं वर्षाचं गणित त्यावर असतं. मुसलमानाने मांस खाऊ नये असं ज्याला वाटतं, त्याला माझ्या म्हणण्यातून काही हाती लागणार नाही. मी सांगतोय ते एवढंच, की मटण किती आणि कुणाच्या वाट्याला, हे ठरवणारा पदार्थ बदला.

उलट ज्याला बिर्याणी ही आपली अस्मिता वाटते त्याने थोडं थांबून विचार करावा की ही ओळख आपल्याला चिकटवली कुणी. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितली ही गोष्ट वर्षानुवर्षं देशभर फिरली. मार्च २०१५ मध्ये खुद्द सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी जयपूरच्या परिषदेत सांगितलं की तसं काही घडलंच नव्हतं, ती गोष्ट त्यांनी रचली होती. तोवर 'बिर्याणी' हा शब्द शिवीसारखा वापरात आला होता. पुढे कुठलंही आंदोलन झालं, त्यात दाढी-टोपी दिसली, की 'तिथं बिर्याणी वाटतायत' हे ठरलेलं वाक्य. एका पदार्थात अख्खा समाज कोंबायचा हा डाव आहे. त्याला उत्तर म्हणून आपणही छाती पुढे काढून 'होय, आम्ही म्हणजे बिर्याणी' म्हणायचं? आम्ही म्हणजे खपलीचा खिचडा, आम्ही म्हणजे कंदुरीचा रस्सा, मोहरमचे चोंगे, मुलाण्याचा वाटा. या मुलखात आमची मुळं आहेत हे सांगणारा पुरावा पातेल्यात शिजतोय आणि आपण तो पाहुण्यापासून लपवतोय.

एका पदार्थाला सणाचा झेंडा करण्याची खोड आपल्यालाच आहे असंही नाही. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग म्हणजे टर्की. त्या पक्ष्याशिवाय तिथं तो दिवस पुरा होत नाही, इतका की तिथले मुसलमानही हलाल टर्की शोधतात. पण १६२१ च्या ज्या जेवणाशी त्या सणाचं नातं जोडतात, त्याचं एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात वर्णन आहे. त्यात रानपक्षी आहेत, तिथल्या मूळ रहिवाशांनी आणलेली पाच हरणं आहेत, टर्कीचं नाव नाही. राष्ट्रीय सण म्हणून तो दिवस लिंकनने १८६३ मध्ये जाहीर केला. म्हणजे ज्याला लोक अनादि परंपरा समजतात ती बरीच नंतर घडलेली असते. आणि जी घडवता येते ती बदलताही येते.

दुसरा आक्षेप घरातल्या बायकांचा असेल आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. 'बिर्याणी आचारी करून जातो. खिचडा घोटायला तुम्ही येणार का?' अगदी रास्त. खिचडा म्हणजे आदल्या रात्रीपासूनचं काम, गहू सडा, भिजवा, डाळी शिजवा आणि मग तासतासभर घोटत राहा. आजवर ते हात बायकांचेच राहिले आणि कौतुक मात्र 'अमक्यांच्या घरचा खिचडा' म्हणून पुरुषाचं झालं. म्हणून माझ्या प्रस्तावात ही अट घालूनच घ्या: घोटणी पुरुषांच्या हातात. ईदगाहवरून आल्यावर गळाभेटी झाल्या की अत्तर लावलेल्या बाह्या वर करायच्या आणि पातेल्यापाशी उभं राहायचं. मोहल्ल्यातली चार घरं एकत्र येऊन एकच मोठी हंडी चढवू शकतात. दंड भरून आलेले चालतील, कर्ज नको.

तर मागणं फार मोठं नाही. रमजान ईदला मधे दालचा किंवा अख्खा मसूर ठेवा, शेजारी भाकरी, भात आणि जमेल तेवढं सुकं मटण. शेवटी शिरखुर्मा आहेच, तो कुणी हलवू शकत नाही. बकरी ईदला घरात मटण असतंच, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खिचडा चढवा आणि जे कुर्बानी करू शकले नाहीत त्यांना डबा न पाठवता सोबत जेवायला बसवा. जमातीच्या आणि मशिदीच्या कमिट्यांनी वलीम्याबद्दल एवढं ठरवावं की दालचा-खाना हेही पुरं जेवण मानलं जाईल आणि त्यावर कुणी नाक मुरडणार नाही. सुरुवात मात्र ऐपतवाल्यांनी करायची. गरिबाने दालचा वाढला तर ती त्याची लाचारी ठरते. ज्याला दोन देगा परवडतात त्याने दालचा वाढला, तरच ती रीत होते आणि पलीकडच्या गल्लीतला माणूस ईदच्या दिवशी दार उघडं ठेवतो.

आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं, 'काय भाई, बिर्याणी कधी?' तर सरळ सांगा, 'बिर्याणी हॉटेलात मिळते. ईदला घरी या, खिचडा आहे. दोघं-चौघं जास्त आणलीत तरी चालतील.'